लाईट गेल्याचे आभार

कबनूर,
सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

ती. सुवार्ता आत्तीस,
आमोसचा सप्रेम सलाम.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या खेपेला केला तेव्हा तू चार वेळा "कोण गिरणीतनं बोलतंय?" असं विचारून ठेवून दिलास. गिरणी नव्हती गं, माझीच खोली होती. आमच्या प्रार्थनेच्या खोलीची मागची भिंत आणि उमरभाईंच्या मागाच्या शेडची भिंत एकच. पलीकडं चोवीस माग दिवसरात्र खडखडतात. खोलीही उमरभाईंचीच, भाड्याने घेतलेली. भाडं ते नावाला घेतात, त्यामुळे तक्रारही करता येत नाही.

काल उपासनेला अकरा माणसं होती. त्यांत तीन लहान मुलं. उमरभाईंचं मांजर धरलं तर बारा. पहिल्या रांगेत बसतात गणपतराव. वडिलांनी ठेवलेलं नाव त्यांनी बाप्तिस्म्यातही बदललं नाही, असे जुन्या वळणाचे. ते दुसरं गीत संपायच्या आत झोपतात. डुलकी नव्हे, झोप. घोरतात. मागाच्या आवाजावर मात करून घोरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. कालचा संदेश लिहायला मी तीन रात्री घालवल्या होत्या.

आत्ती, पुण्याला सेमिनरीत तीन वर्षं शिकलो तेव्हा वाटायचं, जिथं नेमणूक होईल तिथं देव माझ्या आधी पोचलेला असेल. सहा महिने झाले, मला तरी तो इथं दिसला नाही. जो मला दिसत नाही तो मी लोकांना कसा दाखवू? माझा शाळेतला मित्र ऋतुराज शाहूपुरीत पाण्याच्या पंपांचं दुकान चालवतो. तो गल्ल्यावर बसायला बोलावतोय. पंप निदान दिसतो तरी.

सोबतच्या बंद पाकिटात माझा राजीनामा आहे. चर्च कौन्सिलचं ऑफिस तुझ्या घरापासून चार पावलांवर. तेवढा नेऊन दे. मी स्वतः आलो तर सेक्रेटरी साहेब चहा पाजतील आणि बोलण्यात गुंडाळतील.

तुझा,
आमोस

---

शाहूपुरी, कोल्हापूर,
१९ ऑगस्ट

चि. आमोस यास आत्तीचा आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्याला मी जबाबदार नाही. जेवणाच्या टेबलाचा एक पाय तोकडा आहे. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, चौथीत असताना त्यावरून उडी मारायला गेला होता. तेव्हापासून टेबल डुगडुगतंय. खाली वर्तमानपत्र घातलं तर ते दबतं, करवंटी घातली तर निसटते. लिहिताना "देव" लिहायला घेतलं की एकटी मात्रा चार ठिकाणी फुटते.

पाकीट मिळालं. उघडलं नाही. ऑफिसात दे म्हणतोस तर देईन, पण गुडघे दुखतात, बघते. आणि फुकट काम मी कुणाचंच करत नाही. माझी अट ऐक. यापुढं प्रत्येक पत्रात एक गोष्ट लिहायची: या आठवड्यात देव तुला कुठं भेटला. व्यासपीठावरची चालणार नाही. पवित्र शास्त्रातली वचनंही पाठवू नकोस, ते पुस्तक माझ्याकडं आहे.

तुला माझं एक सांगते. नर्सच्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं. तुझ्यासारखीच मीही तोंड पाडून फिरत होते, की देवाची सेवा करायला आले आणि हातात काय, तर बेडपॅन. वॉर्डात जोतिबाच्या डोंगरावरची चिमणाबाई नावाची म्हातारी होती, नारळ-गुलालाचं दुकान असलेली, मांडीचं हाड मोडलेली. मी भांडं घेऊन गेले की दर वेळी म्हणायची, "देवानं धाडलं बग." एकदा मी मागं वळून बघितलं, देवानं कुणाला धाडलं ते बघायला. मागं भिंत होती.

भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि खूप रडले. आणि मग खूप हसले. म्हातारीला वाटलं, पोरगी खुळी झाली.

पंपाच्या दुकानाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पंप चांगली वस्तू आहे.

तुझी,
आत्ती

---

कबनूर,
२ सप्टेंबर

ती. आत्तीस सलाम.

तुझी अट म्हणजे चौथीतला गृहपाठ झाला. तरी करतो. या आठवड्यात देव भेटला तो चहाच्या गाड्यावर: चहावाल्याने कप भरून वर थोडा बशीतही ओतला. पुरे? बरं, हे मी चिडून लिहितोय, तुला कळलंच असेल.

चिडायचं कारण सांगतो. काल मी आयुष्यातली सगळ्यांत गाढवपणाची प्रार्थना केली.

मोठी प्रार्थना चालू होती. मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला होता. एवढ्यात लाईट गेली. पलीकडचे चोवीस माग एकदम बंद. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. बाहेर कुणाची तरी सायकलची घंटी ऐकू आली. माझे डोळे भरून आले आणि मी दोन्ही हात वर करून म्हणालो, "हे प्रभू, या शांततेबद्दल आम्ही सगळे तुझे मनापासून आभार मानतो."

आमेन कुणीच म्हणालं नाही. डोळे उघडले तर सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. गणपतरावसुद्धा जागे झाले होते. मागाच्या आवाजात झोपणारा माणूस शांततेनं जागा होतो, हे मला नवीन होतं.

उपासना संपल्यावर धोंडुबाई थांबल्या. सत्तरीच्या आहेत, शेडमध्ये कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, लाईट गेली म्हंजे आमचं मीटर थांबलं. जेवढं कापड, तेवढा पगार. माझा ल्योक त्या भिताडापल्याड बसलाय न्हवं का, त्येचं आभार कशाला मानलासा?"

लाजेनं मान खाली घातली. ज्या आवाजाला मी सहा महिने शिव्या घालत होतो तो त्यांच्या चुलीचा आवाज होता, हे मला एवढ्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. देव मला दिसत नाही ते नवल नाही. समोरची अकरा माणसंही दिसली नव्हती.

पाकीट दिलंस का? लवकर दे. मी इथं शोभत नाही.

तुझा,
आमोस

---

शाहूपुरी,
९ सप्टेंबर

चि. आमोस,

तुझं पत्र वाचून एवढी हसले की शेजारची शिफा काय झालं म्हणून धावत आली. तिलाही वाचून दाखवलं. तीही हसली, आणि मग म्हणाली, "बिचारा." तिचे मामा इचलकरंजीत मागावर आहेत. तिला कळलं.

आता हसून झालं, नीट ऐक. तू चुकलास ते बरं झालं. सहा महिन्यांत तुझी ही पहिली प्रार्थना आहे जी त्या बाईनं शेवटपर्यंत ऐकली. आता माफी माग. व्यासपीठावरून नको, तिथं माफीचाही संदेश होतो आणि तू तो पाऊण तास चालवशील. शेडमध्ये जा. पाळी बदलताना जा. सगळे घाईत असतात तेव्हा माणसाला छोटं बोलावं लागतं.

आणि त्या गणपतरावांना विचार, बाबा, तुम्ही इथं का झोपता? रागावून विचारू नकोस. चौतीस वर्षं मी झोपलेली माणसं बघितली आहेत. माणूस कुठंही झोपत नाही, जिथं भरवसा वाटतो तिथंच झोपतो.

बशीतल्या चहाचा गृहपाठ मी पास केला आहे. चिडून लिहिलास, पण खोटं लिहिलं नाहीस.

तुझी,
आत्ती

---

कबनूर,
७ ऑक्टोबर

ती. आत्तीस,
प्रेमाचा सलाम.

महिनाभर लिहिलं नाही. कारण महिनाभर संध्याकाळी शेडमध्ये होतो. माझ्या बोटांना सुताचे काप पडलेत, त्यामुळे या वेळी माझं अक्षर वाकडं. उलट तुझं मागचं पत्र बघून मी थक्क झालो. ओळी अगदी सरळ! चष्मा बदललास का?

पाळी सकाळी आठला आणि रात्री आठला बदलते, हे मला माहीत नव्हतं. मी उपासना ठेवली होती नऊला. म्हणजे दिवसपाळीची माणसं कामावर अडकलेली, आणि रातपाळीची बारा तास उभं राहून आलेली. सहा महिने मी त्या रिकाम्या चटयांना श्रद्धा नाही म्हणून बोल लावला. चटया काय बोलणार? आता दोन उपासना घेतो, एक सकाळी साडेआठला, एक रात्री साडेआठला. काल दोन्ही मिळून सदतीस माणसं होती. संदेश वीस मिनिटांचा. तू खूश होशील.

माफी मागायला गेलो तेव्हा धोंडुबाईंनी माफी घेतली नाही, हातात कांडी दिली. म्हणाल्या, भरून दाखवा. माझ्याकडनं सूत दर मिनिटाला तुटायचं. त्या न बघता गाठ मारायच्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. विचारलं तर म्हणाल्या, धागा तुटला की एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. गाठ मारेपर्यंत होईल तेवढीच प्रार्थना. मग सहज म्हणाल्या, "तुमी आल्यापास्नं तुमचंच नाव जास्ती घ्यावं लागतंय. सूत बी हलकं आलंय ह्या वर्साला, सारखं तुटतंय, त्ये एक बरं झालं."

आत्ती, मी भिंतीच्या अलीकडं बसून देवाला शोधत होतो आणि पलीकडं माझ्यासाठी प्रार्थना चालली होती. किती हजार गाठी असतील?

आणि गणपतराव. ते रातपाळी संपवून घरी न जाता थेट उपासनेला येतात. मी विचारलं, काका, घरी झोपायला जागा नाही का? म्हणाले, "हाय की. पर घरात झोपलं की सपनात बी माग फिरत्यात. हितं तुमचं बोलणं कानावर पडत ऱ्हातंय. वाटतंय, घरातलं कोणतरी मोठं माणूस जागं हाय. मग झोप लागती." मी त्यांना म्हणालो, यापुढं रोज झोपा. पहिल्या रांगेत झोपा. आता त्यांच्यासाठी मी उशी आणून ठेवली आहे.

हा माझा गृहपाठ. एका गोष्टीची अट होती, दोन झाल्या.

आता वाईट बातमी. पाकिटाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे दिलंसच. तू शब्दाची पक्की. परवा कौन्सिलचं पत्र आलं, की दहा नोव्हेंबरच्या रविवारी सेक्रेटरी साहेब स्वतः आमच्याकडं येत आहेत. कारण लिहिलेलं नाही. मला ते कारण ठाऊक आहे. माझ्या जागी येणाऱ्या माणसाची ओळख करून द्यायला येत असतील. मीच मागितलं होतं, तेव्हा बोलायला तोंड नाही. पण खरं सांगतो आत्ती, आता इथून जायच्या विचाराने जेवण जात नाही.

त्याच दिवशी मी हंगामाचा सण ठेवला आहे. जायच्या आधी एवढा एक करून जाईन.

तुझा,
आमोस

---

शाहूपुरी,
१४ ऑक्टोबर

चि. आमोस,

चष्मा तोच आहे. टेबलाला पाय फुटला.

हंगामाचा सण कर, चांगला कर. तुमच्याकडं शेत कुणालाच नाही म्हणून देवापुढं पहिलं पीक काय आणायचं, असं आधी वाटलं असेल तुला. लोकांना ठरवू दे. मी अंगणातली लिंबं पाठवते, तुझ्या बापानंच लावलेलं झाड. मोजू नकोस, दोन वाटेत पिशवीतनं पडतील.

जेवण जात नाही म्हणतोस. ज्याला आपल्याला काय हवं ते कळलं, त्यानं ते तोंडानं मागावं, एवढंच मी म्हणेन. माझ्याकडं नाही. ज्याच्याकडं मागायचं त्याच्याकडं. आणि मग माझ्याकडंही.

भाकरी मात्र दोन खात जा.

तुझी,
आत्ती

---

कबनूर,
११ नोव्हेंबर

ती. आत्ती,

आधी सण सांगतो, भांडण नंतर.

लोकांनी काय काय आणलं! दुधी भोपळे, शेवग्याच्या शेंगा, दोन कोंबड्या, तुझी लिंबं. पिशवी फाटली नव्हती, सगळी पोचली. कामगारांनी उमरभाईंना विचारून नव्या बीमवरचं, म्हणजे ताण्याच्या नव्या रुळावरचं, पहिलं कापड उतरवून आणलं, पांढरं शुभ्र, अजून खळीचा वास येणारं. त्याची किंमत सगळ्यांनी आपापल्या मीटरच्या पगारातून दिली. उमरभाई स्वतः ते खांद्यावर घेऊन आले. गणपतरावांनी एकच कांडी आणून टेबलावर ठेवली. म्हणाले, हाच माझा हंगाम. धोंडुबाईंनी ती उचलून नीट उभी केली.

सेक्रेटरी साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी गणपतराव उशी घेऊन. मी मोठी प्रार्थना सुरू केली, मागांच्या आवाजात, आता मला त्यात बोलता येतं. अर्ध्यावर आलो आणि लाईट गेली.

सगळं चिडीचूप. मी एक डोळा उघडला. अख्ख्या मंडळीनं एकेक डोळा उघडला होता. धोंडुबाईंचे तर दोन्ही उघडे. सगळे वाट बघत होते, आता मी काय म्हणतो. मी म्हणालो, "देवा, लाईट आण."

आमेन एवढ्या जोरात झालं, की बाहेर उमरभाईंचं मांजर पत्र्यावरून खाली पडलं.

लाईट आली ती लिलावाच्या वेळी. आणलेल्या वस्तू बोली लावून विकायच्या, ही आपली रीत तुला माहीतच आहे. सेक्रेटरी साहेब एका भोपळ्यासाठी उमरभाईंशी चढाओढ करत होते. भिंतीपलीकडं माग एकदम खडखडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच वाटलं, आत्ती, तो आलाय. आला म्हणणंही चूक. इथंच होता, मीच उशिरा पोचलो. हे मी संदेशात सांगितलं नाही. तुलाच सांगतोय.

साहेब भोपळा घेऊन निघाले, तेव्हा मी धीर करून विचारलं, माझ्या जागी कोण येतंय? ते म्हणाले, "कुणाच्या जागी? तुमच्या आत्या ऑफिसात येऊन म्हणाल्या, पोरगं तिथं एकटं आहे, एखाद्या रविवारी जाऊन या. म्हणून आलो. तुम्ही कुठं निघालात?" मी म्हणालो, कुठं नाही, तुम्हाला गाडीपर्यंत पोचवायला निघालो.

आता भांडण. गुडघे दुखत असताना तू ऑफिसात गेलीस, साहेबांना इकडं धाडलंस, आणि पाकीट दिलं नाहीस! तीन महिने मी इथं सामान बांधायच्या तयारीत. कुठं आहे माझा राजीनामा? मला जायचं नाही. मला इथंच राहायचं आहे. तो मला परत हवा, आणि लगेच हवा. मी स्वतःच्या हाताने फाडणार आहे.

तुझाच,
आमोस

---

शाहूपुरी,
१५ नोव्हेंबर

चि. आमोस,

"मला इथंच राहायचं आहे" हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा शिफाला मोठ्यानं वाचायला लावलं. याच वाक्याची मी ऑगस्टपासून वाट बघत होते. मी आधीच सांगितलं असतं तर तू नाइलाजानं राहिला असतास. मला तू राजीखुशीनं राहायला हवा होतास. तुला तीन महिने टांगून ठेवलं, त्याची माफी मागते. छोटी मागते, पाळी बदलतानाची.

आता पाकिटाचं. दोनदा ऑफिसच्या फाटकापर्यंत नेलं होतं. खोटं नाही सांगत, देईन म्हटलं होतं म्हणून नेलं. दोन्ही वेळा हात पुढं झाला नाही. दुसऱ्यांदा परत आले ती वैतागूनच, लिहायला बसले तर हे टेबल डुगडुगायला लागलं. हातात पाकीट होतंच. चौघडी केली आणि तोकड्या पायाखाली सारलं. अगदी मापात बसलं. तुला सेमिनरीत शिकवलं म्हणून बरं; साधा माणूस राजीनामा अर्ध्या पानात लिहितो, तुझा भरपूर जाड आहे. अर्ध्या पानानं माझं भागलं नसतं.

तेव्हापासून टेबल हललेलं नाही. माझं अक्षर सुधारलं ते असं.

तुझ्यासाठी मी रोज पहाटे प्रार्थना करते ती याच टेबलावर कोपरं टेकून. आधी कोपराखाली टेबल हलायचं आणि माझं मन तिकडं जायचं. हे अडीच महिने तुझ्याच राजीनाम्यावर भार देऊन तुझ्यासाठी मागितलं, एकदाही हललं नाही. हा माझा गृहपाठ. देव कुठं भेटला म्हणून कुणी मला विचारलं तर मी टेबलाखाली बोट दाखवीन.

तेव्हा परत मागतोस खरा, पण देत नाही. फाडायला तर मुळीच नाही.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ये. गणपतरावांना आणि धोंडुबाईंनाही आण, त्यांची सुट्टी बघून. तांबडा रस्सा करते. वाट्या काठोकाठ भरीन, बघ, सांडणार नाही.

तुझी,
सुवार्ता आत्ती